शाळेचा भूगोल आणि विद्यापीठाचा भूगोल

घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने भूगोल घेऊन एम. ए. करण्याचा विचार बोलून दाखविला की, वडीलधाऱ्या मंडळींच्या चर्येवर जो भाव उमटतो, तो इतिहास, संस्कृत अथवा अर्थशास्त्र या विषयांच्या नावाने उमटत नाही. त्या विषयांसंबंधी घरात मतभेद होतो. भूगोलासंबंधी नुसते आश्चर्य वाटते. नद्या, पर्वत, राजधान्या, पिके आणि खनिजे ही शाळेत एकदा पाठ झाली. मग विद्यापीठात आणखी पाच वर्षे शिकावयाचे ते काय? नद्या काही वाढल्या नाहीत आणि पर्वत काही जागचे हलले नाहीत! माझ्या थोरल्या बंधूंनी हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. त्यांची कन्या, म्हणजे माझी पुतणी, बारावीस उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती. औषधनिर्माणशास्त्राला मिळत असलेला प्रवेश सोडून तिने भूगोलाची वाट धरावी, हे दादांस मुळीच पटले नव्हते.

दादांचा प्रश्न अडाणीपणाचा होता असे मी म्हणणार नाही. ज्याने केवळ शाळेचा भूगोल पाहिला आहे, त्याच्या मनात दुसरा प्रश्न उद्भवणे शक्यच नाही. गणित, भाषा, विज्ञान या विषयांत शाळेची शेवटची पायरी आणि महाविद्यालयाची पहिली पायरी एकाच जिन्याच्या असतात. भूगोलात तसे नाही. तेथे दोन वेगळ्या इमारतीच आहेत, आणि नाव तेवढे दोहोंवर एकच लिहिलेले आहे. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती पुतणीच्या शिक्षणाच्या निमित्ताने, आणि तेव्हापासून मी आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे.

माझा व्यवसाय वकिलीचा. शेताचे खरेदीखत लिहिताना त्यात चतुःसीमा घालाव्या लागतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांधण, दक्षिणेस सरकारी जमीन. एवढे लिहिले म्हणजे दस्तऐवजाचे काम भागते. पण त्या शेतात पऱ्हाटी येते की नुसते गवत, विहिरीला पाणी किती हातांवर आहे, मालक ते का विकीत आहे, यांतले काहीही खरेदीखतावरून कळत नाही. आमच्या वेळी तिसरीत जिल्ह्याचा भूगोल असे, आणि त्याचा पहिला पाठ अगदी या खरेदीखतासारखा असे. उत्तरेस अमरावती, ईशान्येस वर्धा, पूर्वेस चंद्रपूर, दक्षिणेस नांदेड आणि परराज्यातील आदिलाबाद. आम्ही तो घडाघडा म्हणत असू. चौथीत महाराष्ट्र आला, पाचवीत भारत आला आणि पुढे खंडांमागून खंडे येत गेली. वर्षागणिक आम्ही घरापासून दूर दूर जात होतो. एस्किमोंच्या बर्फाच्या घराचे चित्र वर्गातील प्रत्येकास काढता येई. पण केळापूर-घाटंजीच्या रानात कोलामांची वस्ती असते आणि तिला पोड म्हणतात, हे कोणी विचारले नाही व कोणी सांगितलेही नाही. शालान्त परीक्षा होईपर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. ज्या जिल्ह्यातून निघालो होतो, त्या जिल्ह्यात मात्र परत येणे झाले नाही.

विद्यापीठाचा भूगोल बहुधा याच्या उलट दिशेने चालतो. तो विद्यार्थ्याला सारे जग दाखवितो खरे. पण अखेरीस एक तालुका, एक नाला किंवा एक बाजाराचे गाव त्याच्या हाती देतो आणि विचारतो की, हे येथेच का आहे, असेच का आहे, आणि पूर्वीही असेच होते काय? मला वाटते, दोन भूगोलांमधील खरे अंतर ते हे. एकात माणूस घरापासून दूर जातो, दुसऱ्यात प्रश्न घेऊन घरी परत येतो.

याचा अर्थ शाळेचा भूगोल टाकाऊ आहे असा कोणी करू नये. नावे ही या विषयाची मुळाक्षरे आहेत. ज्याला पैनगंगा कोठे आहे हेच ठाऊक नाही, तो तिच्या पुराची मीमांसा काय करणार? तक्रार आहे ती एवढीच की, मुळाक्षरे गिरविता गिरविता दहा वर्षे जातात आणि वाचन असे सुरूच होत नाही. शिवाय पाठ केलेल्या गोष्टी स्थिर आहेत असा जो समज मुलांच्या मनात रुजतो, तो तर पुष्कळ वेळा खराही नसतो. जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १८६४ साली वऱ्हाडातून हा जिल्हा वेगळा काढला गेला, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्हा यवतमाळचा झाला. तोच वाशीम जिल्हा १९९८ साली पुन्हा निर्माण झाला. पुसद मात्र आमच्याकडेच राहिले. म्हणजे ज्या चतुःसीमा आम्ही निसर्गाने आखून दिल्याप्रमाणे म्हणत होतो, त्यांपैकी कित्येक कचेरीतील लेखणीने आखलेल्या होत्या. टिपेश्वरच्या अभयारण्यातील एका तरुण वाघाने तर २०१९ साली या साऱ्या सीमा पायांखाली घातल्या. त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला होता, त्यामुळे त्याची वाट कळली. तेलंगणाच्या हद्दीत शिरून, शेते व नाले ओलांडीत तो शेकडो कोस चालून थेट बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. त्याच्या लेखी जिल्हा नव्हता; आडोसा, पाणी आणि भक्ष्य यांची एक सलग वाट होती. ती वाट नकाशावर काढणे हे विद्यापीठाच्या भूगोलाचे काम.

महाराष्ट्राचे पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे, हे वाक्यही असेच. ते दारव्ह्याला खरे आहे, यवतमाळला खरे आहे. पण वणीकडे जाऊ लागले की, लाव्ह्याचा तो थर संपत जातो आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. तेथे वालुकाश्म आहे, चुनखडी आहे आणि दगडी कोळशाच्या खाणी आहेत. लाव्ह्याचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर कोळशाचे थर त्याच्या कितीतरी पट जुने. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पऱ्हाटी आणि दुसऱ्या टोकाला कोळसा का, याचे उत्तर या एका सीमेत आहे, आणि ही सीमा तहसिलीच्या नकाशावर सापडत नाही.

आता जरा वर्धा नदी ओलांडून पलीकडे जाऊ. एव्हरेस्ट हे जगातील सर्वांत उंच शिखर, हे आपल्या घरातील पहिलीचे पोरही सांगेल. उंचीचा आकडा आम्ही ८,८४८ मीटर असा पाठ केला. २०२० साली नेपाळ व चीन यांनी मिळून तो ८,८४८.८६ असा जाहीर केला. परंतु ज्या महान मोजणीतून पुढे त्या शिखराची उंची निघाली, ती मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हा गृहस्थ आमच्या शेजारच्या हिंगणघाटास १८२३ च्या जानेवारीत वारला आणि तेथेच पुरला गेला, हे आमच्या शाळेत कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. १८०२ साली मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्याने आरंभ केला, आणि पुढे अजस्र कोनमापक यंत्र बरोबर घेऊन, त्रिकोणामागून त्रिकोण बांधीत, तो दक्षिणेकडून उत्तरेस सरकत आला. त्याच्या पश्चात जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेले. ही मोजणी ज्या ७८ अंश रेखावृत्ताच्या अनुरोधाने झाली, ते रेखावृत्त यवतमाळ शहराच्या थोडे पश्चिमेकडून, आमच्याच जिल्ह्यातून जाते. एव्हरेस्टचा आकडा आम्हांस दिला गेला. तो आकडा कसा मिळाला, ती हकीकत आमच्या दाराशी असून आम्हांस मिळाली नाही. शाळेचा भूगोल निकाल सांगतो आणि विद्यापीठाचा भूगोल पुरावा दाखवितो, हे माझ्यासारख्या वकिलास या एका उदाहरणावरून पुरेसे पटले.

हे अंतर मुळात पडले कसे, असे कोणी विचारील. विशेष असे की, या विषयात शाळा आधी आणि विद्यापीठ मागाहून आले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच भूगोलविद्येवर मराठीत लिहिले, आणि पंतोजींच्या हाती नकाशे आले. विलायतेतही शाळांतून भूगोल चालू होता. पण ऑक्सफर्डने हॅलफर्ड मॅकिंडर यांस भूगोलाचे अध्यापक नेमले ते १८८७ साली. हिंदुस्थानात अलीगढ येथे विद्यापीठात भूगोलाचा विभाग निघाला तो १९२४ साली. उशिरा आलेल्या पाहुण्याला आपली योग्यता सिद्ध करावी लागते. नावांच्या याद्या हा काही विद्यापीठात शोभणारा विषय नव्हे, असे इतर शास्त्रांचे पंडित म्हणत. तेव्हा भूगोलज्ञांनी याद्या बाजूस सारल्या आणि भूरचना, हवामान, लोकसंख्या, बाजार, दळणवळण यांच्या कार्यकारणाचा मार्ग धरला. तरीही शंका पूर्णपणे फिटली नाही. १९४८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने आपला भूगोल विभागच बंद करून टाकला. त्याच साली आपल्याकडे प्रा. चं. धुं. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला, हा योगायोग मला मोठा समाधानाचा वाटतो. सारांश, विद्यापीठाचा भूगोल शाळेच्या भूगोलापासून हेतुपुरस्सर दूर गेला, आणि शाळा होती तेथेच राहिली. मधल्या जागेत पूल बांधण्याचे काम कोणाचेच नव्हते. ते झालेही नाही.

त्या मधल्या जागेत विद्यार्थी कसा सापडतो, हे मी घरीच पाहिले. पहिल्या वर्षीच्या दिवाळीत पुतणी घरी आली ती काहीशी खचूनच. वर्गात तिला सांगितले गेले होते की, गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना काही ना काही बिघडतेच, म्हणून प्रत्येक नकाशा कोठेतरी खोटे बोलतो; भिंतीवरच्या परिचित नकाशात आफ्रिकेएवढे दिसणारे ग्रीनलंड प्रत्यक्षात आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्शाएवढे आहे. तेथे संख्याशास्त्र होते, मोजमापे होती. आणि प्रात्यक्षिकासाठी तिच्यापुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा आला होता, ज्यात जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. तिने मुद्दाम आमच्या दारव्हा तालुक्यातील गावाचा भाग निवडून आणला होता.

“काका, भूगोलात मला कधी नव्वदांखाली गुण पडले नाहीत,” ती म्हणाली, “आणि मला माझ्या स्वतःच्या गावाचा नकाशा वाचता येत नाही. मी औषधनिर्माणालाच गेले असते तर बरे झाले असते.”

दादा काही बोलले नाहीत. पण न बोलण्यातही पुष्कळसे बोलता येते. तेवढ्यात आमच्या मातोश्रींनी चष्मा मागितला. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या घरात, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. नकाशा जमिनीवर पसरला होता. गाव कोठे आहे, हे नातीने बोट ठेवून दाखविले.

“आणि डोंगर?”

“हा, गावाच्या खाली.”

“डोंगर गावाच्या खाली कसा असेल, बाळ? वर असतो तो,” मातोश्री म्हणाल्या आणि त्यांनी कागद सरळ फिरवून उलटा केला. दक्षिणेकडची टेकडी आता वरच्या अंगास आली आणि त्यांना सारे ओळखू येऊ लागले. तपकिरी रेषा जेथे एकमेकींना खेटून दाटल्या होत्या तेथे बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे काय?” रेषा जवळ जवळ आल्या म्हणजे चढ उभा, असे नातीने पुस्तकातले उत्तर दिले. “मग हीच ती चढण. येथे गाडीला दुसरी बैलजोडी जुंपावी लागे,” मातोश्री म्हणाल्या. नकाशाच्या वरच्या बाजूस उत्तर असणे हा निव्वळ संकेत आहे, हे वाक्य मुलीने वहीत लिहून घेतलेले होतेच; त्याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला.

पुढे काळ्या रेषेने काढलेला आमचा नाला आला. त्या नकाशात बारमाही पाण्याला निळा रंग असतो आणि वर्षाचा बहुतेक काळ कोरड्या असणाऱ्या प्रवाहाला काळा. मातोश्री थबकल्या. “मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चैत्रगौरीचे हळदीकुंकू होईपर्यंत या नाल्याला पाणी असे. धुणी तेथेच होत,” त्या म्हणाल्या. पुतणीने पेन्सिल उचलली. नाला केव्हा आटला, वरच्या अंगाचे रान तुटले तेव्हा, विहिरी वाढल्या तेव्हा, की आणखी कशाने, असे प्रश्न ती आपल्या आपणच विचारू लागली. ते प्रश्न तिला तोपर्यंत कोणी घातलेले नव्हते.

त्याच बैठकीत नकाशावर एका ओसाड गावाची खूण निघाली. आमच्या वऱ्हाडात अशा गावाला रीठ म्हणतात. जुन्या सरकारी दप्तरातला शब्द बेचिराग. म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. एखादा मारुती, एक बुजलेली विहीर, चिंचेची दोन झाडे आणि खापरांचा खच, एवढीच अशा गावाची निशाणी उरते. शाळेच्या भूगोलात गावे असतात, शहरे असतात, महानगरे असतात. मेलेली गावे नसतात. ते गाव पाण्यावाचून उठले असेल, असा दादांचा तर्क. मातोश्रींनी सासूबाईंच्या तोंडून निराळेच ऐकले होते: “पाणी होते. बाजार गेला. आगगाडी सुरू झाली, बाजार स्टेशनाकडे गेला, आणि बाजारामागे माणसे गेली.”

ती आगगाडी म्हणजे मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा या मार्गाने यवतमाळास येणारी अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला ओढीत होते. आता ती गाडी बंद आहे. ती घातली कापूस नेण्यासाठी. आणि येथे शाळेतल्या आणखी एका ठरीव उत्तराची आठवण होते. ‘भौगोलिक कारणे द्या: यवतमाळ जिल्ह्यात कापूस मोठ्या प्रमाणावर पिकतो.’ उत्तर: काळी, ओलावा धरून ठेवणारी जमीन आणि उष्ण हवामान. पैकीच्या पैकी गुण. उत्तर खोटे नाही. पण काळी जमीन तर हजारो वर्षे येथे होतीच, आणि कापूसही पूर्वीपासून होता. तो एवढा का फोफावला? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. १८६७ साली मुंबईची लोहमार्गाची वाट नागपूरपर्यंत पोहोचली. या तीन गोष्टी जमेस धरल्यावाचून वऱ्हाडच्या कापसाचा भूगोल पुरा होत नाही. वर्धा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण जुना लोहमार्ग तिकडे गेला नाही, तो मूर्तिजापुरास मुख्य मार्गाला आणि तेथून बंदराला मिळाला. शेजाऱ्याकडे जाण्यासाठी नव्हे, माल बाहेर नेण्यासाठी तो होता. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या नव्या मार्गाचा कळंबपर्यंतचा पहिला तुकडा खुला झाला तो २०२४ च्या फेब्रुवारीत.

कापसाच्या या उत्तरात केवळ गुणांचा प्रश्न नाही. ज्या जिल्ह्याचे नाव गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संबंधात देशभर घेतले जाते, तो हाच जिल्हा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत आमचा समावेश होता. येथे पाऊस सोलापूरच्या पठारावर पडतो त्याहून पुष्कळ अधिक पडतो. मग दुःख कशाचे? ओलिताची सोय नाही म्हणून पडलेल्या पावसाचा मेळ पिकाच्या गरजेशी बसत नाही. जमीन सर्वत्र काळी असली तरी सर्वत्र खोल नाही. भाव दूर कोठेतरी ठरतो आणि कर्ज मात्र जवळच मिळते. आमचे जुने शेतकरी जमिनीला काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी निरनिराळी नावे देत, आणि कोणत्या वावरात काय पेरावे हे त्या नावांवरून ठरे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाची जी मोठी संस्था आहे, तेथले शास्त्रज्ञ जमिनीची खोली, पोत व उतार मोजून हेच काम काटेकोरपणे करतात. मधल्या शाळेच्या पुस्तकात मात्र एकच शब्द उरला: काळी कसदार. खाली शेतकऱ्याला चार जमिनी ठाऊक, वर शास्त्रज्ञाला त्याहून अधिक, आणि मध्ये विद्यार्थ्याला एकच, अशी ही मोठी विचित्र स्थिती आहे.

पाठ्यपुस्तके सुधारली नाहीत, असे मात्र नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना होती, आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीवर होता. पण क्षेत्रभेटीचा पाठही वर्गात बसून वाचता येतो आणि त्याचीही प्रश्नोत्तरे पाठ करता येतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे शालान्त परीक्षेचा शेवटचा, भूगोलाचा पेपर राहून गेला. पुढे तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या गुणांची सरासरी काढून मुलांस भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या कठीण दिवसांत याहून निराळे काय करता आले असते? परंतु आमच्या आळीतील एकाही घरी त्याविषयी हळहळ ऐकू आली नाही, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते. गणिताचा पेपर असा राहिला असता तर काय गहजब झाला असता!

पुतणीने विषय सोडला नाही. एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी तिने तालुक्यातील रीठ गावेच घेतली. मातोश्रींची हकीकत तिने आदराने टिपून घेतली, पण तेवढ्यावर निकाल दिला नाही. साक्षीदार कितीही सत्यवचनी असला तरी कागदपत्रे पाहावीच लागतात, हे तिने मला न विचारता ओळखले याचे मला कौतुक वाटले. जुन्या खानेसुमारीच्या याद्या, मोजणीचे नकाशे, विहिरींची पातळी, बाजारांचे वार, हे सारे ती ताडून पाहात होती. काही गावे साथीत आणि दुष्काळात उठली असावीत, काही बाजाराच्या मागे गेली असावीत, काही धरणाखाली तर काही नुसतीच शेजारच्या गावात विरघळली असावीत. जर्मनीत वॉल्टर क्रिस्टालर याने १९३३ साली बाजारगावांच्या अंतरांविषयी जो सिद्धान्त मांडला, तो आपल्या तालुक्याला कितपत लागू पडतो, हे ती दादांस समजावून सांगू लागली, तेव्हा दादांनी एकच विचारले, “आणि आपले गाव?”

हा प्रश्न खरा होता. आमच्या गावच्या वाड्याला वर्षातील दहा महिने कुलूप असते. आमच्याच वाड्याला आहे असे नाही. शाळेतील पट रोडावला आहे, तरुण मंडळी नागपूर-पुण्यास गेली आहेत, आणि आठवड्याचा बाजार पूर्वीच्या निम्माही भरत नाही. गाव कसे मरते याचा अभ्यास करणारी मुलगी ज्या गावाची, ते गावही त्याच वाटेने चालले नाही ना, हे विचारण्याचे धैर्य आमच्या घरात तोवर कोणी केले नव्हते. भूगोलाचा उपयोग काय, हा दादांचा जुना प्रश्न त्या दिवसानंतर मी पुन्हा ऐकला नाही. त्याचे उत्तर त्यांना मिळाले असे मी म्हणत नाही. पण या विषयाला जे विचारावयाचे ते आता त्यांनीच विचारले होते.

शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधील पूल शिक्षणखात्याने बांधावा, शिक्षकांनी बांधावा, हे तर खरेच. पण त्याची पहिली फळी एकत्र कुटुंबाच्या घरात सहज टाकता येईल. आपल्या घरांत अजून तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात. मृगाचा पाऊस आणि आर्द्रेचा पाऊस यांतला फरक ज्यांनी शेतावर पाहिला आहे, शेतांची, नाल्यांची आणि पांधणींची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी माणसे अजून माजघरात आहेत. ती नावे कोणत्याच छापील नकाशावर नाहीत. मुलांनी सुट्टीत ती टिपून घ्यावी, घरापासून नाल्यापर्यंतचा नकाशा पावलांनी मोजून काढावा, एका बाटलीला खुणा करून चार महिने पाऊस मोजावा. याला खर्च नाही आणि परीक्षाही नाही.

आणि तिसरीच्या मुलाने जिल्ह्याच्या चतुःसीमा म्हणून दाखविल्या, म्हणजे त्याला आणखी एक प्रश्न घालावा: आपल्या अंगणात पडलेले पाणी कोठे जाते? आमच्या गावी ते नाल्यात जाते, नाल्यातून अडाण नदीत, तेथून पैनगंगेत, पैनगंगेबरोबर वर्धेला मिळून प्राणहितेत, आणि प्राणहितेतून गोदावरीत शिरून पार बंगालच्या उपसागराला पोहोचते. या उत्तरात नद्यांची नावे सगळी आहेत, शाळेचे काहीही वाया गेलेले नाही. फक्त आरंभ आपल्या दारापासून झाला आहे. मूल येथवर आले की, बहुधा ते आपण होऊनच पुढचे विचारील: मग आपला नाला चैत्रातच का आटतो? त्याचे उत्तर आपणांस येत नसले तरी हरकत नाही. त्याला आजीकडे पाठवावे.